दोघांचंच तिकीट

आमच्या सरांना लग्नाची पत्रिका द्यायची म्हटलं की धाराशिवच्या कोर्टातली माणसं जरा बिचकायची. सर आहेराचं पाकीट द्यायचे, पण त्यात पैसे नसायचे. दोन तिकिटं असायची. रेल्वेची नाहीतर एसटीची, नवरानवरीच्या नावानं काढलेली. कुठं जायचं ते सरांनीच ठरवलेलं, तारीखही त्यांनीच धरलेली. एका कारकुनाच्या वडिलांनी वैतागून विचारलं होतं, "अहो साहेब, आधी विचारायचं तरी!"

सर म्हणाले, "विचारलं असतं तर गेले नसते."

मी त्यांच्याकडं ज्युनिअर म्हणून लागले तेव्हा ते साठी ओलांडून गेलेले होते. कोर्टात अस्सल पुस्तकी मराठी, कोर्टाच्या पायऱ्या उतरले की गावाकडची. मला ते पहिल्या दिवसापासून "वकीलबाई" आणि "तुमी" म्हणत. पक्षकाराच्या गाडीत कधी बसायचे नाहीत. तारखेला तालुक्याला जायचं असलं तरी एसटी. दुपारचा डबा उभ्यानं खायचे, बार रूमच्या खिडकीशी, आणि खाताना कुणी केसबद्दल बोललं तर डबा झाकून ठेवायचे. युक्तिवाद इतक्या हळू आवाजात करायचे की समोरच्या वकिलाला पुढं वाकावं लागायचं. वाकलेला माणूस भांडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

कामं बहुतेक सगळी फारकतीची आणि पोटगीची. संमतीनं वेगळं व्हायला आलेलं जोडपं समोर बसलं की सर कागदाला हात लावायच्या आधी एक प्रश्न विचारायचे.

"लगीन झाल्यापास्नं दोघंच कुठं गेला व्हता का?"

"तुळजापूरला गेलो व्हतो की."

"कोण कोण?"

"घरचे समदे. आत्या, मामा, चुलते, पोरंसोरं."

"मग ते देवीला जाणं झालं. दोघंच कुठं गेला व्हता का?"

मग ती दोघं एकमेकांकडं बघायची. ऑफिसात आल्यापासून पहिल्यांदा.

मारहाणीचं प्रकरण असलं तर सर हा प्रश्न कधी विचारत नसत. अशी बाई आली की तिला आत बसवायचे, मला सोबत थांबायला सांगायचे आणि त्याच दिवशी अर्ज तयार करायचे. हा प्रश्न फक्त त्यांच्यासाठी होता, ज्यांना नेमकं काय बिघडलंय हेच सांगता यायचं नाही.

कळंबकडचं एक जोडपं मला आठवतं. तो टेम्पो चालवायचा. ती बारावी झालेली, हुशार, पण ऑफिसात बोलताना सारखी दाराकडं बघायची. मोठं घर, चार जावा, सासू, आजेसासू. भांडण असं काही नव्हतं. "जमत न्हाय," एवढंच दोघं म्हणत होते. सरांनी त्यांना येडशीच्या रामलिंगला, रानातल्या देवळाकडं पाठवलं. एक दिवस जायचं, भाकरी बांधून न्यायची, फोन घरी ठेवायचे, संध्याकाळी परत यायचं. खर्च म्हणाल तर तिकिटाचा.

आठवड्यानं दोघं पुन्हा आले. मला वाटलं, मिटलं. पण बाई म्हणाली, "साहेब, हे मानूस वाईट न्हाईत. पर आमचं बोलणंच न्हाय. हे दिसभर माकडास्नी फुटाणे घालत बसले. म्या बघत बसले."

"मग?"

"मग सांजच्याला ह्यांनी इचारलं, तुला काय पायजे गं? लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा इचारलं. म्या म्हणलं, मला नर्सिंगला जायचं व्हतं."

सरांनी नवऱ्याकडं बघितलं. तो मान खाली घालून म्हणाला, "म्या म्हणलं, जा. माझ्यासंग ऱ्हाऊन तुझं जाणं व्हायचं न्हाय."

त्यांची फारकत झाली. शेवटच्या तारखेला त्यानं तिला स्वतःच्या टेम्पोतून माहेरी सोडलं. बार रूममध्ये मात्र सरांची चेष्टा झाली. जोडायला पाठवलं आणि तोडून आले, असं लोक म्हणायला लागले. सर चहा पीत म्हणाले, "जोडायला कुठं पाठवलं व्हतं? एकमेकांकडं बगायला पाठवलं व्हतं." आणि उठून गेले.

पुढं माझं लग्न ठरलं. नवरा तेरखेड्याचा, विनाअनुदानित शाळेवर शिक्षक. त्याचा पगार कधी यायचा, कधी नाही. माझी वकिली नवी. तेरखेडा फटाक्यांचं गाव, त्यामुळं पाहुण्यांनी हौसेनं वरातीला एवढं दारूकाम केलं की आभाळ उजळून निघालं. पण वरात संपल्यावर आम्हा दोघांकडं फिरायला जाण्याइतकं काही उरलं नव्हतं. सासूबाईंनी बेत केला होता की तुळजापूरला जागरण गोंधळ झाला की एक क्रूझर जीप करायची, सगळ्यांनी अक्कलकोट, गाणगापूर करून यायचं. नव्या जोडप्याचं फिरणंही होईल, सगळ्यांचं देवदर्शनही. खर्च वाटून घ्यायचा.

लग्नात सरांनी पाकीट दिलं. कोल्हापूरची रेल्वे, तिथून एसटीनं मालवणकडं. राहायची सोय त्यांच्या एका जुन्या पक्षकाराच्या बहिणीकडं, समुद्राजवळच्या एका खेड्यात, घराच्या मागच्या खोलीत. सूचना तोंडी दिल्या, मंडपातच, जेवणाच्या पंगतीशेजारी उभं राहून.

"तिकिटं मधल्या वारची काढल्यात. शनवार-रविवारी खोली दुप्पट. हाटेलात जेवू नका, ती बाई घरचं वाढंल. हनिमून ह्यो शब्द कुठं काढू नका. काढला की भाडं वाढवत्यात आन पलंगावर फुलं टाकत्यात. फुलं घेऊन काय करायचं? आन रिक्षा करू नका. चाला. चालताना मानूस बोलतं."

माझा नवरा हसला. मी हसले नाही, कारण मला माहीत होतं की सासूबाईंनी क्रूझरवाल्याला सांगून ठेवलंय.

ही गोष्ट मी सरांना भीत भीत सांगितली. दोन दिवसांनी ते तेरखेड्याला आले. एकटेच, एसटीनं, हायवेवर उतरून चालत. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. सर सतरंजीवर बसले. सासूबाई समोर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"आमी काय खाऊन टाकतो का वकीलसाहेब त्यास्नी?" सासूबाई म्हणाल्या. "घरात एवढी मानसं असताना दोघांनीच जायचं? लोक काय म्हणतील?"

"न्हाय वो. पर तुमी संग असल्यावर ती पदर सावरत बसंल, आन ह्यो तुमच्या गोळ्यांची येळ बघत बसंल. दोघं शेजारी बसून बी एकमेकास्नी भेटायचे न्हाईत."

"आमच्या येळंला कोण गेलं व्हतं? आमचे संसार झालेच की."

"झाले."

सासूबाईंनी त्यांच्याकडं रोखून बघितलं. मग त्यांनी सरळ विचारलं, "तुमी न्हेलं व्हतं का तुमच्या मालकिणीला?"

मी ट्रे घेऊन तशीच उभी राहिले. सर सतरंजीकडं बघत होते. कोर्टात कुणी अडचणीचा प्रश्न टाकला की त्यांना त्याच क्षणी उत्तर सुचायचं. इथं बराच वेळ गेला.

"न्हाय न्हेलं," ते म्हणाले.

"मग?"

"म्हणूनच आलोय."

सासूबाईंनी मला हाक मारून चहा पुढं आणायला सांगितला. क्रूझरबद्दल पुन्हा कुणी काही बोललं नाही. जायच्या दिवशी सासूबाईंनी स्वतः दशम्या बांधून दिल्या, आणि गाडी सुटेपर्यंत मुलाचा हात धरून ठेवला.

तो हात त्यांनी एवढा घट्ट का धरला होता, ते मला मालवणला कळलं. आम्ही रोज मैलोगणती चालायचो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्यावर लांब कुठंतरी कुणीतरी फटाका वाजवला आणि माझा नवरा दचकून खाली बसला. फटाक्यांच्या गावातला माणूस, पण वरातीतही प्रत्येक आवाजाला त्यानं माझा हात आवळला होता. मग वाळूत बसून त्यानं सांगितलं की त्याला एक थोरली बहीण होती. माळावरच्या एका शेडमध्ये दारू भरायच्या कामाला जायची. तो शाळेत होता तेव्हा तिथं स्फोट झाला. त्या दिवसापासून आईपुढं तिचं नाव कुणी काढत नाही, फोटोही लावलेला नाही. आणि आई घरातल्या कुणाला नजरेआड होऊ देत नाही. लग्न ठरल्यापासून सांगायचं होतं, पण घरात सांगायला जागाच नव्हती, असं तो म्हणाला. सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता, लाटांकडं बघत होता. मला वाटतं माझं लग्न खरं त्या संध्याकाळी लागलं.

परत आल्यावर मी सरांना एवढंच म्हणाले, "बरं झालं गेलो." त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

पण तेरखेड्याहून आल्यापासून सर बदलले होते. तिकिटं देणं चालू होतं, बोलणं मात्र कमी झालं होतं. सासूबाईंचा प्रश्न त्यांना लागला होता, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर समजलं.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, उमरग्याकडच्या. सरांचे वडील लवकर गेले. दोन बहिणींची लग्नं, धाकट्या भावाचं शिक्षण, नंतर आईचं अंथरूण. हे सगळं काकूंनी निभावलं. वर्षातून एकदा माहेरी जायला मिळायचं. धाराशिवहून उमरग्याला जाताना वाटेत नळदुर्गचा किल्ला दिसतो. किल्ल्याच्या आत नदीला आडवा बांध घातलाय, त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात वरून पाणी कोसळतं, नर आणि मादी असे दोन धबधबे. काकूंनी लहानपणापासून ऐकलेलं, बघितलेलं कधी नव्हतं. लग्नानंतर एसटीच्या खिडकीतून बोट करून त्या म्हणायच्या, "उतरायचं का?" सर म्हणायचे, "पुढच्या बारीला." कधी अंगावर पोर असायचं, कधी घरी आई एकटी असायची, कधी दुसऱ्या दिवशी तारीख. सासू गेल्या, बहिणी आपापल्या घरी रुळल्या, तोवर काकूंनी विचारायचंच सोडून दिलं होतं.

माझ्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी काकूंच्या दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं, एक दिवसाआड. सरांनी नव्या केस घेणं बंद केलं. कोर्टातून आले की दवाखान्याच्या बाकावर बसून राहायचे. पाणी मोजून द्यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मुलाचं धाराशिवमध्येच औषधांचं दुकान, तो फार काळजी करणारा. आईचं पाणी त्यानं स्वतःच्या ताब्यात घेतलं. एका लहान पेल्यात भरून ठेवायचा आणि सुनेला बजावून जायचा. काकू नळ चालू झाला की तिकडं बघत राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "बाई, तहान काय असती ते म्हाईत नव्हतं गं मला. नुसता आवाज आला तरी जीव कासावीस व्हतो."

श्रावण संपत आला होता. पाऊस भरपूर झाला होता, नळदुर्गला पाणी पडायला लागलंय अशी बातमी आली. एके दिवशी कोर्टात सर मला म्हणाले, "परवा मोकळा दिवस हाय. म्या तिला घेऊन चाललो."

"आम्ही गाडी घेऊन येतो सर. माझा नवरा चालवेल."

"नको."

"अहो, वाटेत काही झालं तर?"

"तुमी आल्यावर ती तुमचीच इचारपूस करत बसंल. जेवलीस का, पोर कसंय. आमी दोघंच जाणार."

मी चिडले. दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी मशीनवर घेऊ, फार दगदग नको, पण जाऊ दे. मुलानं तर घरात मोठा वाद घातला. शेवटी काकूंनीच त्याला गप्प केलं. "अरे, मला मरायच्या आधी एकदा ह्यांच्यासंग बसमधनं खाली उतरू दे," एवढंच त्या म्हणाल्या.

गेले. तुळजापूरला बस बदलली. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, सरांनाही वयामुळं अर्धं. काकूंनी कंडक्टरला म्हणे हसत सांगितलं, "दोघात मिळून एकच मानूस धरा."

तिथं काय झालं ते मला सरांनी कधी सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात मशीनला लावलेल्या होत्या, मी शेजारी स्टुलावर. हातात नळ्या, पण चेहरा उजळलेला.

पाणीमहालात उतरायच्या पायऱ्या त्यांना झेपणाऱ्या नव्हत्या. समोरच्या बाजूला एका दगडावर दोघं बसले. कॉलेजची पोरं फोटो काढत होती. पाण्याचा आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकायला कान जवळ न्यावा लागत होता. तुषार अंगावर येत होते. काकूंनी पदर बाजूला केला, तोंड वर केलं आणि तशाच बसून राहिल्या. लुगडं चिंब झालं. सरांनी त्यांना मागं ओढलं नाही.

"एक थेंब पोटात गेला न्हाय बघ," काकू मला म्हणाल्या. "आन तहान गेली."

मग त्यांनी सरांना विचारलं होतं. चाळीस-एक वर्षं मनात ठेवलेलं. "मी तुमाला पसंत नव्हते ना?"

सर त्यांच्या कानाशी वाकले. मग म्हणाले, "न्हाय म्हणलं व्हतं म्या. मला हैदराबादला शिकायला जायचं व्हतं. आई ऐकंना."

"मला म्हाईत व्हतं," काकू म्हणाल्या. "हळदीच्या दिशी तुमच्या आत्याबाई बोलताना म्या ऐकलं व्हतं."

"मग कधी बोलली न्हाईस?"

"कुठं बोलायचं? घरात मानसं व्हती."

मग सर म्हणाले, "‘न्हाय’चं ‘व्हय’ कवा झालं ते मलाच कळलं न्हाय. पर झालं. लई आधी झालं."

हे सांगताना काकू थांबल्या. मशीनचा आवाज येत होता. मग त्यांनी माझा हात धरला आणि पुढचं सांगितलं. तिथं बसल्या बसल्या त्यांनी सरांना दुसरीही एक गोष्ट सांगितली होती. ही मशीन आता नको. शरीर थकलंय. मरायची भीती नाही, पण असं टांगून राहायचं नाही. घरात हे बोलायची सोय नव्हती. मुलगा रडायचा, सून रडायची, पोटुशी लेक पुण्याहून फोनवर रडायची.

"सर काय म्हणाले?"

"काय न्हाय. वाटलं व्हतं कोर्टावानी वाद घालतील. घातला न्हाय. माझा हात धरला, चार मानसात. मग म्हणाले, लेकीचं बाळ बघूस्तवर कर. मग तू म्हणशील तसं."

"मग?"

"म्या म्हणलं, करते." काकूंनी डोळे मिटले. "पोरगं माझं ह्यांना बोल लावंल बघ. हे तोंड उघडायचे न्हाईत. तवा तू सांग."

लेक दिवाळीनंतर माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. काकूंनी नातीला मांडीवर घेतलं, न्हाऊ घातलेलं बघितलं, बारशाला पाळण्याची दोरी ओढली. पुढच्या आठवड्यात त्यांनी दवाखान्यात जायला नकार दिला. डॉक्टरांनी समजावलं, मुलानं पाय धरले. सर शेजारी बसून होते. ते फक्त म्हणाले, "तिचं ठरलंय." त्या दिवसापासून काकूंना हवं तेवढं पाणी मिळालं. सर स्वतः चमच्यानं पाजायचे. फार दिवस लागले नाहीत.

दहाव्याला मी नवऱ्याबरोबर गेले होते. विधी उरकून सगळे घरी आले. अंगणात पाहुणे बसलेले. मुलगा तोवर कुणाशी नीट बोलला नव्हता. एकाएकी तो वडिलांपुढं येऊन उभा राहिला.

"चांगली चालली व्हती तिची ट्रीटमेंट," तो म्हणाला. आवाज चढत गेला. "नळदुर्गवरनं आल्यापास्नं तिनं धीर सोडला. काय बोललात तुमी तिच्यासंग तिथं? काय भरलं तिच्या डोक्यात?"

सर ओसरीच्या पायरीवर बसले होते. डोकं भादरलेलं, अंगात साधा सदरा. त्यांनी मुलाकडं बघितलं आणि मान खाली घातली. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची बाजू मांडली, त्याला स्वतःसाठी एक वाक्य बोलायचं नव्हतं.

मी मुलाला आत बोलावलं. मागच्या खोलीत काकूंची कॉट अजून तशीच होती. तिथं उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. दगडावर बसलेल्या त्या दोघांचं, तुषारांचं, आईनं काय मागितलं आणि वडिलांनी किती मुदत मागून घेतली, त्याचं. तो कॉटच्या दांडीला धरून ऐकत होता.

"म्हणजे हे बारसं..." तो म्हणाला.

"ते तुमच्या वडिलांनी मागून घेतलेलं."

"मला का न्हाय बोलली ती?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

तोंडावर पंचा धरून तो बराच वेळ रडला. बाहेर पुण्याच्या लेकीचं बाळ उठलं होतं, कुणीतरी त्याला घेऊन अंगणात फेऱ्या मारत होतं. मग त्यानं तोंड पुसलं आणि बाहेर गेला. मी दारातून बघत होते. तो पायरीपाशी जाऊन उभा राहिला. सरांनी वर बघितलं नाही, पण थोडं सरकून जागा केली. तो त्यांच्या शेजारी बसला. दोघंही पुढं अंगणाकडं बघत राहिले.

थोड्या वेळानं सरांनी विचारलं, "जेवलास का?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"चल," सर म्हणाले, आणि उठायला त्याच्या खांद्याचा आधार घेतला.